ताईची छोटी बॅग: नव्या पेठेतल्या एका पिग्मी एजंटचं प्रकरण

मार्च संपत आला होता. दुपारी अडीचच्या सुमारास ताई घरी आली, पंख्याखाली बसली आणि खांद्यावरची पर्स सतरंजीवर ठेवताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं. ओढणी सरकली तेव्हा उजव्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ दिसला, चांगला बोटभर रुंद. ताई म्हणजे माझी चुलतबहीण, वय ४६. एका पतसंस्थेची पिग्मी एजंट म्हणून ती अकरा वर्षं सोलापुरातल्या नवी पेठ, चाटी गल्ली आणि मधला मारुती या भागात फिरते. मी शिवणकामाचे वर्ग घेते आणि अलीकडे ब्लाउजपेक्षा पिशव्याच जास्त शिवते, हे तिला माहीत होतं.

"मला एक छोटी बॅग बघून दे गं. कमरेची असली तरी चालेल," ती म्हणाली. "पण दिसायला छान पाहिजे. दिवसभर लोकांसमोर उभी असते मी."

हे प्रकरण त्या एका बॅगेचं आहे. मार्चअखेरीला सुरू झालं, जूनमध्ये बॅग नीट बसली. छोटी बॅग निवडताना आपण सगळे ज्या क्रमाने विचार करतो तो क्रमच उलटा आहे, हे मला या कामात पुरतं पटलं, म्हणून लिहून ठेवते आहे. आपण आधी रंग बघतो, मग आकार, मग किंमत, आणि घरी आल्यावर त्यात काय मावतं ते बघतो. माझ्या मते पहिला प्रश्न हाताचा आहे. दिवसभरात हात कुठल्या वस्तूकडे किती वेळा जातो? बॅग त्या वस्तूसाठी घ्यायची. उरलेल्या सामानाने तिच्या भोवती जागा करून घ्यायची, नाहीतर घरी राहायचं.

पर्समध्ये काय होतं

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताईची पर्स ठेवली. सामानासकट २ किलो ७४० ग्रॅम. मग एकेक वस्तू काढून मोजली. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली एक किलोच्या वर. दहाच्या नाण्यांची एक पिशवी होती, त्यात ४८ नाणी. दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे नुसती नाणीच पावणेचारशे ग्रॅम. बाकी छत्री, चष्म्याचं घर, फोन, पावती छापायचं छोटं यंत्र, कागदाचे दोन रोल, किल्ल्यांचा जुडगा, औषधाची पाकिटं, कंगवा, स्तोत्रांची छोटी पोथी, दोन रुमाल, आणि तळाशी गेल्या दिवाळीपासूनच्या चुरगळलेल्या पावत्या.

पिग्मीचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दुकानदार, हातगाडीवाले, शिंपी, चहावाले रोज थोडी थोडी रक्कम बाजूला टाकतात आणि एजंट ती दारात येऊन घेऊन जातो. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही पद्धत आणली, तेव्हा रोजचे दोन आणेसुद्धा चालत. कर्नाटकच्या इतक्या जवळ असलेल्या सोलापुरात आता ती पतसंस्थांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. पूर्वी कार्डावर सही व्हायची. आता फोनवर नोंद करायची आणि खिशात मावेल अशा यंत्रातून पावती फाडून द्यायची.

एका मंगळवारी मी ताईबरोबर फिरले. वहीत फक्त एकच गोष्ट टिपत होते: हात कशाकडे गेला. साडेदहा ते दीड या वेळात ५८ खाती झाली. फोनकडे हात ७१ वेळा गेला, पावतीच्या यंत्राकडे ५८ वेळा, नोटा आत ठेवायला ४९ वेळा (बाकीच्यांनी फोनवरून पैसे दिले), सुट्टे काढायला २३ वेळा. पाण्याची बाटली चारदा निघाली, चष्मा तीनदा, किल्ल्या दोनदा. छत्री, कंगवा, पोथी, औषधं यांच्याकडे तिचा हात एकदाही गेला नाही.

आकड्यांपेक्षाही एक दृश्य माझ्या मनात राहिलं. चाटी गल्लीतल्या एका कापडदुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं, गादीवर तागे उलगडलेले. ताईने पर्स गादीच्या कडेला टेकवली, डाव्या हाताने तिचं तोंड उघडं धरलं, मान आत घातली आणि उजव्या हाताने यंत्र चाचपू लागली. यंत्राऐवजी चष्म्याचं घर हाताला लागलं. मग नाण्यांची पिशवी. दुकानदार पन्नासची नोट हातात धरून उभा. भला माणूस, काही बोलला नाही, पण गिऱ्हाइकाकडे बघून त्याने ओठ दाबले. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकरा वर्षांचा अनुभव असलेली, तोंडी हिशेबात पटाईत बाई त्या अर्ध्या मिनिटात नवशिकी दिसत होती, आणि दोष सगळा पर्सचा होता.

आमच्या आजीकडे चंची होती, कापडाची, गुंडाळून दोरी बांधायची. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, प्रत्येकाला आपला कप्पा. ओट्यावर बसून गप्पा मारताना न बघता तिचा हात बरोबर सुपारीच्या कप्प्यात जायचा. ताईला हवी होती ती चंची. फक्त उभ्याने, एका हाताने उघडणारी.

आधीच्या दोन बॅगा

ताईने छोट्या बॅगेचा प्रयत्न पूर्वी दोनदा केला होता. दोन्ही फसल्या आणि दोन्ही फसण्याला स्वच्छ कारणं होती.

पहिली ऑनलाइन मागवलेली, पीयू लेदरची, चॉकलेटी, सोनेरी साखळीचा पट्टा. फोटोत खरोखर सुंदर. वर्णनात रुंदी १९ सेंटिमीटर लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. पण तो बाहेरून मोजलेला आकडा. चेनच्या दोन्ही टोकांना शिलाईत जागा जाते, कोपरे गोल असले की आणखी जाते. तोंड प्रत्यक्षात साडेपंधराचं निघालं. कव्हरसकट ताईचा फोन १६.८ सेंटिमीटर लांब. तो तिरका करून आत जायचा आणि बाहेर येताना अडकायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात झाकणाच्या घडीवर पापुद्रे सुटले आणि कुर्त्यावर चॉकलेटी कपचे पडू लागले. पीयू लेदर म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. हवेतला दमटपणा, घाम आणि उष्णता यांनी तो थर आतून तुटत जातो आणि जिथे रोज घडी पडते तिथे आधी सोलतो. एकदा सुटला की त्याला दुरुस्ती नाही. घामाला रोज चिकटणाऱ्या बॅगेसाठी, आणि तेही मे महिन्यात पारा ४४च्या घरात जाणाऱ्या गावात, मी तो माल सुचवणार नाही. लग्नाकार्याला वर्षातून चारदा न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी होम मैदानावर गड्डा यात्रेत घेतलेली कमरेची काळी नायलॉनची बॅग. ही मजबूत होती. अजून आहे, भाचा क्रिकेटला नेतो. पण तिला एकच मोठा कप्पा, आतलं अस्तरही काळं. काळ्या अस्तरात काळा फोन, काळं यंत्र, काळी किल्ली. दुपारी उन्हातून दुकानाच्या सावलीत शिरलं की दोन क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात तिला काही म्हणजे काही दिसत नसे. अस्तर फिकं हवं, हे मी तेव्हाच वहीत अधोरेखित केलं. दुकानात बॅग बघताना हे कुणी बघत नाही. चेन उघडून आत नुसता रंग बघा, अर्धी परीक्षा तिथेच होते.

आणि ती कमरेला बसत नव्हती. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

कमरेला, की आडवी

कमरेची बॅग मुळात शर्ट-पँटच्या हिशेबाने बेतलेली आहे. पट्टा पँटच्या पट्ट्याच्या वर बसतो, कापड ताणलेलं असतं, काही सरकत नाही. आपल्याकडे बाजारकरी आणि व्यापारी पूर्वी पैशांचा कसा, म्हणजे कापडी पिशवी, कमरेला बांधत, तोही धोतराच्या घट्ट गाठीवर. कुर्ता आणि साडी ही वेगळीच गोष्ट आहे.

मी उशीच्या जुन्या अभ्र्यातून एक कच्ची पिशवी शिवली, त्यात ताईचं खरं सामान भरलं आणि नाडीने वेगवेगळ्या ठिकाणी बांधून तिला गल्लीत चालायला लावलं, जिना चढायला लावला, स्कूटरवर बसवलं. एकदा पंजाबी ड्रेसवर, एकदा साडीवर. आरशासमोर दोन मिनिटं उभं राहून बॅग घेणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगेन की आधी ती लावून खाली बसून बघा.

पोटावर बांधल्यावर उभ्याने सगळं ठीक होतं. स्कूटरवर बसल्याबरोबर पिशवी वर सरकली आणि यंत्राची कड बरगडीखाली टोचू लागली. साडीवर तर ती बरोबर निऱ्यांच्या खोचेवर आली. उठताबसता पट्टा वरखाली होणार आणि दुपारपर्यंत निऱ्या सुटणार. ताईने पाचव्या मिनिटाला "काढ बाई" म्हटलं.

बाजूला, कुल्ल्यावर घेतली तर कुर्त्याचा घोळ पट्ट्यात गोळा होऊन मागून कुर्ता वर चढला. शिवाय चाटी गल्लीसारख्या चिंचोळ्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापडाचे गठ्ठे, सायकली, हमाल. कमरेची रुंदी आणखी सहा सेंटिमीटरने वाढवून तिथून जाता येत नाही.

लांब पट्ट्याने मांडीपर्यंत सोडली तर पावलागणिक मांडीवर आपटत होती.

मग पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका घेतला आणि पिशवी उजव्या बरगडीच्या खाली, थोडी पुढच्या बाजूला आणली. इथे ती बसली. उजवा हात कोपरात दुमडला की पंजा थेट चेनवर येत होता. स्कूटरवर बसल्यावर पिशवी मांडीला टेकत नव्हती आणि दोन्ही हात वर असताना डोळ्यांसमोर राहत होती. साडीवर तर आम्हा दोघींनाही न सुचलेला फायदा झाला. डाव्या खांद्यावर पदराच्या चुण्यांवरूनच पट्टा गेला आणि पदर जागच्या जागी धरून ठेवला गेला; पिनेची गरज उरली नाही.

एक अडचण मात्र होती आणि ती स्पष्टच लिहिली पाहिजे, कारण दुकानात ती कुणी बोलून दाखवत नाही. तिरका पट्टा छातीच्या मधून आवळून गेला की कित्येक बायकांना अवघडल्यासारखं होतं. ताईलाही झालं. आम्ही पिशवी चार बोटं खाली घेतली, पट्टा ढिला केला आणि अरुंद, सुतळीसारख्या पट्ट्याऐवजी ३८ मिलिमीटर रुंदीचा मऊ विणीचा पट्टा ठरवला. रुंद पट्टा कापडावर सपाट पडतो, रुतत नाही, आणि ओझं वाटलं जातं. पंचवीस मिलिमीटरचा पट्टा दिसायला नाजूक असतो. ज्यांच्या बॅगेत फोन आणि दोन कार्डं एवढंच आहे त्यांनी तो खुशाल घ्यावा. किलोभर वजनाला तो काचतो.

म्हणजे शोध कमरेच्या बॅगेचा होता आणि बॅग बसली बरगडीशी. पट्टा आम्ही ७० पासून १२० सेंटिमीटरपर्यंत लहानमोठा होईल असा ठेवला, म्हणजे कुणाला ती कमरेला लावायची झाली तर अडणार नाही.

मापं

माप काढायला बसले तेव्हा आधी नोटा घेतल्या. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, दोनशेची १४६ बाय ६६, शंभरची नवी १४२ बाय ६६, पन्नासची १३५ बाय ६६, वीसची १२९ बाय ६३, दहाची १२३ बाय ६३. म्हणजे आतून १७ सेंटिमीटर रुंदीचा सपाट कप्पा असला की कुठलीही नोट घडी न घालता आडवी राहते. घडी घातलेल्या नोटा फुगतात, मोजताना उलगडाव्या लागतात आणि बँकेत सरळ करत बसावं लागतं. ताईचा रोजचा अर्धा तास यात जात होता.

फोनचं माप वर दिलंच. तोंड सगळ्यात लांब वस्तूपेक्षा निदान दोन-अडीच सेंटिमीटरने मोठं हवं, आणि वस्तू धरलेल्या बोटांची पेरंही त्यातून गेली पाहिजेत. यंत्र ११ सेंटिमीटर लांब, ८ रुंद, साडेचार जाड. सगळं धरून बॅग २१ सेंटिमीटर लांब, १४ उंच आणि ६ जाड ठरली. जाडी सहाच्या पुढे गेली की छोटी बॅग अंगापासून सुटून डब्यासारखी पुढे येते आणि कितीही देखणी असली तरी बेढब दिसते. बारीक बांध्याच्या बाईने पाचवरच थांबावं, असं माझं मत आहे.

बाटली, छत्री, औषधं, पोथी हे स्कूटरच्या डिकीत गेलं. कागदाचा जादा रोल मात्र बॅगेतच ठेवला. पावतीचा कागद उष्णतेने काळा होतो, छपाई त्याच गुणावर चालते. उन्हात तापलेल्या डिकीत तो ठेवणं बरं नव्हे.

सगळ्यात उपयोगी युक्ती साधी होती. यंत्र बाहेर काढायचंच कशाला? पावती वरच्या फटीतून येते. पुढच्या कप्प्याला चेन न लावता वर झाकण दिलं आणि यंत्र उभं बसेल असा घट्ट कप्पा केला. झाकण उचलायचं, पावती वर येते, फाडायची. ५८ वेळा काढणं आणि ५८ वेळा ठेवणं संपलं.

चादरीचं कापड

आता दिसण्याकडे वळते. ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की छान दिसली पाहिजे, आणि ती हौस मी कधीच वरवरची मानली नाही. दारात उभ्या असलेल्या बाईच्या हातात लोक रोज पैसे देतात. तिचं नीटनेटकं असणं हा त्या विश्वासाचा भाग आहे.

कापड तिनेच सुचवलं. "आपली चादर लाव की. सोलापूरची बाई मी." घरात एका जुन्या सोलापुरी चादरीचा चांगला राहिलेला तुकडा होता, गडद मरून आणि मोतिया. जॅकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, विणलेली सुती चादर. दोन्ही बाजूंना नक्षी, एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे. भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या गावचा हा माल अंगावर मिरवावा, ही कल्पना मला मनापासून आवडली.

पहिल्यांदा मी चूक केली. चादरीच्या मधलं मोठं फूल मध्यभागी घेऊन पुढचा भाग कापला. फूल वीतभर, बॅग २१ सेंटिमीटरची. शिवण्याआधी टाचून बघितलं तर पाकळ्या चारी बाजूंनी कापल्या गेल्या होत्या आणि नक्षी कसली ते कळतच नव्हतं, नुसते मरून डाग. साठ बाय नव्वद इंचाच्या चादरीवर जी नक्षी डौलदार दिसते ती छोट्या बॅगेवर मरते. मग काठाचा पट्टा घेतला. तिथे तीन-चार सेंटिमीटरची भौमितिक वेल होती. ती आडवी लावल्यावर तिची पाच आवर्तनं पूर्ण बसली आणि बॅग एकदम उठून दिसली. छोट्या बॅगेवर नक्षी निवडताना ती निदान तीनदा पूर्ण दिसली पाहिजे, हे मी आता वर्गातल्या मुलींना शिकवते.

रंगात आम्ही हात आखडता घेतला. नक्षी पुढच्याच भागावर. बाजू, मागचा भाग आणि तळ जाड मरून कॅनव्हासचा. पट्टा काळा, कड्या काळ्या. ताईला पितळी कड्या हव्या होत्या. दोन्ही धरून दाखवल्या. चादरीच्या मोतिया रंगाशेजारी पितळ पिवळं पडत होतं. तिनेच मान हलवली.

सगळी बॅग चादरीची न करण्याला आणखी एक कारण. ते कापड जाड. कोपऱ्यावर चार पदर एकत्र आले की घरच्या मशीनचा पायच वर बसत नाही. आणि कापलेल्या कडेतून सूत सुटत राहतं. शिवण्याआधी तुकडा दोनदा धुऊन वाळवला, म्हणजे आटायचा तेवढा आटेल आणि रंग जायचा तेवढा जाईल. शिवण मी स्वतः केली नाही. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारा एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, कारागीर आहे, हंगामात शाळेचे गणवेश शिवतो. त्याच्या कारखानी मशीनवर १८ नंबरची सुई लावून काम झालं.

नायलॉन का नाही, असं त्याने विचारलं होतं. विचारणं बरोबर होतं. नायलॉनच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात: नऊ हजार मीटर धाग्याचं जेवढे ग्रॅम वजन तेवढे डेनियर. चारशे-पाचशे डेनियरचं नायलॉन हलकं, चिवट आणि पावसाला उत्तम. प्रवासाला मी तेच घेईन. पण अंगाला लागणारी बाजू नायलॉनची असली की सोलापूरच्या उन्हात घाम तिथेच साचतो. म्हणून मागे सुती कॅनव्हास, आणि पाणी अडवायचं काम आतल्या अस्तराकडे दिलं: पाणी न झिरपणारं, फिकं पिवळं.

चेन

चेनच्या बाबतीत कारागीर ठाम होता. "अक्का, तीन नंबर नको. पाच लाव. कापड फाटेल, चेन नाही जाणार." चेनचा नंबर म्हणजे साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. तीन नंबरची चेन पर्सच्या आतल्या खिशाला ठीक. दिवसात सत्तर वेळा उघडणाऱ्या तोंडाला पाच नंबर हवी. दात धातूचे नकोत, गुंडाळीचे नायलॉनचे हवेत. ते वळणावर सहज फिरतात आणि हाताला ओरखडत नाहीत. रनरला आम्ही दोरीची छोटी गाठ लावली. घामट बोटांना धातूची चकती सापडत नाही, गाठ सापडते.

बाजारातून तयार बॅग घेणाऱ्यांनी एक करावं. बॅग एका हातात लोंबती धरावी आणि दुसऱ्या हाताने चेन कोपऱ्यावरून फिरवून बघावी. कोपऱ्यावर अडली तर ती बॅग तिथेच ठेवून द्यावी. मग पट्टा जिथे बॅगेला मिळतो तिथली शिलाई बघावी. चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असली तर निश्चिंत. एकच सरळ ओळ असली तर तिथून ती सुटणार, आज नाहीतर सहा महिन्यांनी.

पहिले पंधरा दिवस

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बॅग ताईच्या अंगावर चढली. पहिले तीन दिवस फोनवर नुसता आनंद. चौथ्या दिवशी तक्रार आली, आणि ती रास्त होती. नाण्यांचा कप्पा मी उजव्या टोकाला ठेवला होता, हाताजवळ म्हणून. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम एका टोकाला आल्यावर बॅग उजवीकडे कलली, झाकण तिरकं झालं आणि पावती फटीत अडकू लागली. हाताचा विचार करण्याच्या नादात वजनाचा विचार माझ्याकडून राहून गेला होता. कप्पा उसवून मध्यभागी, तळाशी, पाठीला लागून घेतला. जड वस्तू अंगाच्या जवळ आणि खाली असली की बॅग हलत नाही.

दुसरी गोष्ट चादरीच्या सुताची. कडेला पट्टी लावूनही झाकणाच्या एका कोपऱ्यातून दोन धागे सुटले आणि चेनमध्ये अडकले. भर नव्या पेठेत चेन जाम. ताईने नखाने धागा ओढून काढला. कारागिराने तो कोपरा पुन्हा उघडला, आत आडवीतिडवी शिलाई घातली आणि मग पट्टी बसवली. त्यानंतर धागा सुटलेला नाही.

तिसरी गोष्ट पट्ट्याच्या क्लिपची. ती पाठीवर बरोबर मधे येत होती आणि खुर्चीला टेकलं की मणक्याला लागत होती. पट्टा फिरवून क्लिप डाव्या खांद्याच्या खाली, पुढे आणली. आता बॅग डोक्यावरून काढावीही लागत नाही. हेल्मेट घातलेलं असताना हे फार सोयीचं आहे, आणि क्लिप सतत नजरेसमोर राहते म्हणून गर्दीत मागून कुणी ती उघडेल ही धास्तीही गेली. नोटांचा कप्पा अंगाच्या बाजूला आहे, त्याची चेन बॅग अंगावर असताना बाहेरून दिसत नाही. तरी रक्कम ठरावीक आकड्याच्या वर गेली की मधेच शाखेत भरायची, हा नियम ताईने आधीपासून पाळला आहे आणि तो कुठल्याही बॅगेपेक्षा मोलाचा आहे.

जूनमध्ये मी पुन्हा एकदा तिच्याबरोबर फिरले. भरलेल्या बॅगेचं वजन १ किलो १८० ग्रॅम. त्याच कापडदुकानात ती गादीपाशी उभी राहिली, काही टेकवलं नाही, मान खाली घातली नाही. नोट घेतली, मागच्या कप्प्यात सरकवली, फोनवर दोन बोटं फिरवली, झाकण उचललं, पावती फाडली. दुकानदाराशी बोलताना तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरच होती. त्याची मुलगी कॉलेजला जाते. तिने बॅगेवरून हात फिरवून विचारलं, "मावशी, ही कुठं मिळते?"

तिच्यासाठी हीच बॅग मी शिवणार नाही, हे तिला सांगितलं. तिला यंत्र नाही, नाणी नाहीत. तिचा हात फोनकडे, कानातल्या इअरफोनच्या डबीकडे आणि बसच्या पासाकडे जातो. तिला १८ बाय ११ची, चार सेंटिमीटर जाडीची, पंचवीस मिलिमीटरच्या पट्ट्याची पुरेल. कमरेलाही छान दिसेल, कारण ती जीन्स घालते. पुढचा भाग चादरीचाच, पण निळ्या काठाचा.

खर्चाचं सांगायचं तर चादरीचा तुकडा घरचा धरून चेन, कॅनव्हास, अस्तर, पट्टा, कड्या आणि कारागिराची मजुरी मिळून ताईच्या बॅगेला ५४० रुपये पडले. दोन्ही दुरुस्त्यांचे त्याने वेगळे घेतले नाहीत.

जुलैच्या एका पावसात चादरीचा पुढचा भाग भिजून जड झाला. रंग उतरला नाही, आतल्या नोटा कोरड्या राहिल्या, पण रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी कोपरे ओलेच होते. त्यामुळे पावसाळ्यासाठी नायलॉनची दुसरी शिवायची ठरली, आणि या खेपेला कारागिराचं म्हणणं खरं झालं. ताई माप द्यायला आली तेव्हा तिने रंग शेवटी सांगितला. आधी हात कोपरात दुमडून दाखवला आणि म्हणाली, "झाकण बोटभर आणखी खाली घे. अंगठा तिथं जातो माझा."